सिनेमातला तुरुंग आणि कच्चे कैदी

पानगळ

तुरुंगाशी मराठी वाचकाची पहिली ओळख बहुधा पुस्तकांतून होते. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेत 'गीतारहस्य' लिहून झालं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. हे सगळं डोक्यात इतकं पक्कं बसलंय की आत गेलेल्या माणसाच्या हातून ग्रंथच व्हायचा, असं वाटावं.

दुसरी ओळख सिनेमातली. खून होतो, खटला चालतो, न्यायाधीश हातोडा आपटतात (आपल्या कोर्टात हातोडा नसतोच, पण असो), 'दफा ३०२' होतं आणि पुढच्या दृश्यात नायक पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यात खडी फोडत असतो. अटक ते निकाल या मधल्या काळाला पडद्यावर फार तर एखादं गाणं मिळतं.

आता खरं चित्र बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जागेच्या मानाने गर्दी १३१ टक्क्यांवर. हे लोक खडी फोडत नाहीत, त्यांना कैद्याचे कपडेही नसतात, स्वतःचेच घालतात. ते तारखेची वाट बघतात.

माझा मुद्दा एवढाच की आपल्या कथा-सिनेमांनी गुन्हा दाखवला, शिक्षा दाखवली, पश्चात्ताप तर पोटभर दाखवला. पण आपल्याकडे तुरुंग म्हणजे मुख्यतः वाट बघणं आहे, आणि ते कुणी दाखवलं? मला चटकन एक 'कोर्ट' (२०१४) आठवतो. अजून कुठली नावं सुचतायत? आणि कुणाला आतला-बाहेरचा अनुभव असेल तर तोही लिहा.

चाफेकळी

'कोर्ट'बद्दल अगदी. गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली ती शाहिराच्या गाण्यामुळे, असा आरोप, आणि त्या आरोपावर सगळी यंत्रणा गंभीर चेहऱ्याने कामाला लागते. कुणीच दुष्ट नाही, हे त्यातलं भयंकर. सरकारी वकीलबाई कलमांमागून कलमं एकसुरात वाचत जातात आणि संध्याकाळी लोकलमध्ये चारचौघींसारख्या गप्पा मारतात. एका बाईने बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत. किती साधेपणाने एक तारीख वाया जाते बघा! त्या बाईचा पुन्हा उल्लेखही नाही सिनेमात.

'पिंजरा' (१९७२) मात्र मी अलीकडे पुन्हा पाहिला तेव्हा वेगळ्याच गोष्टीवर अडकले. मास्तरांना फाशी होते ती मास्तरांच्याच खुनाबद्दल. प्रेत कुणाचं, आरोपी कोण, कोर्टाला दोन्ही ठाऊक नाही. लहानपणी रडू आलं होतं. आता वाटलं, ओळख पटवायला एक धड साक्षीदार कुणी आणला नाही का हो?

निमिष

मास्तरांना स्वतःलाच सुटायचं नव्हतं, चाफेकळी. तिथे कोर्ट निमित्तमात्र आहे.

अवांतर: 'एक रुका हुआ फैसला' १९८६ चा. बारा ज्युरी एका खोलीत बसून भांडतात. त्या वेळी भारतात ज्युरी शिल्लकच नव्हती. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. १९६० मध्ये जन्मठेप, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, १९६४ मध्ये राज्यपालांकडून माफी. त्याच खटल्याने ज्युरी गेली असं लोक ठोकून सांगतात, पण काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही चालू होती. कायद्यातून ती पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.

सडेतोड

वाचतोय. कैद्यांचा कळवळा सगळ्यांनाच येतो, फिर्यादीचं काय? माझ्या मामाकडे दरोडा पडला. साक्षीला बोलावणं आलं ते कित्येक वर्षांनी. दोनदा तर नुसता जाऊन आला, कारण आरोपीला तुरुंगातून आणायला पोलीस पार्टी नव्हती. शेवटी साक्ष झाली तेव्हा उलटतपासणीत बचावाचे वकील विचारतात, कोयता उजव्या हातात होता की डाव्या? मामा सत्तरीचा. म्हणाला, आठवत नाही. झालं, 'साक्षीदाराच्या कथनात विसंगती'.

म्हणून लोकांना एन्काउंटर आवडतं. थिएटरात टाळ्या उगाच नाही पडत.

पानगळ

सडेतोड, मामांचा अनुभव वाईटच. पण त्या दोन फुकट गेलेल्या तारखांना आरोपीही आणला गेला नाही, म्हणजे तोही तेवढे दिवस आतच. एकाच खोळंब्याने दोघांची वर्षं गेली. माझं म्हणणं याच खोळंब्याबद्दल आहे.

टाळ्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, देशभर पेढे वाटले गेले. सुप्रीम कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकरांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष २०२२ मध्ये बाहेर आला: पोलिसांची हकीकत विश्वासार्ह नाही, गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला, आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. तोवर पेढे पचूनही गेले होते.

'अर्धसत्य' (१९८३) याबाबतीत फार प्रामाणिक वाटतो. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. फौजदार वेलणकर कोठडीत एका चिल्लर आरोपीला मारतो, मोठ्या रामा शेट्टीचा गळा आवळतो तो अगदी शेवटी, कायदा सोडून. कायद्याचा हात पोचतो तो खालच्यापर्यंतच.

सडेतोड

पेढे मी वाटले नव्हते. आणि मोठ्या माणसाला तुमचं कोर्ट तरी कुठे हात लावतं?

काळाकोट

फौजदारी बाजूला वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर. मोठा माणूस-छोटा माणूस हा फरक निकालात पडतो त्यापेक्षा जामिनात जास्त पडतो.

चोरीच्या गुन्ह्यातला पोरगा समजा. पोलीस कोठडी संपते, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होते, आम्ही जामिनाचा अर्ज टाकतो, मंजूर होतो. घरचे रडत पाया पडतात, सुटला म्हणून. कुठला सुटतो! आदेशात लिहिलेलं असतं: अमुक हजारांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार. आता झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्या बाईने लायक जामीनदार आणायचा कुठून? ऐपतीचा दाखला काढायला तहसीलमध्ये खेटे. ज्याच्याकडे सातबारा आहे तो गावाला, आणि तो म्हणतो, माझ्या जमिनीवर बोजा चढेल. सख्खा चुलतासुद्धा फोन उचलायचा बंद होतो. रोख जामिनाचा अर्ज केला तर रोख नाही. असे जामीन मिळूनही आत बसलेले मी किती पाहिलेत, मोजायचं सोडून दिलं.

हे आजचं नाही. १९७८ चा मोतीराम खटला वाचा. मध्य प्रदेशातला गवंडी. त्याच्या जामिनासाठी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाने दिलेली हमी नाकारली, का, तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! न्या. कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली आणि जिल्ह्याबाहेरचा जामीनदार नाकारण्यावर चांगलेच ताशेरे ओढले. पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिकच जामीनदार हवा असा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नका.

आणि सिनेमात कधीच न दिसणारी गोष्ट सांगतो. कच्च्या कैदेत घालवलेले दिवस नंतर शिक्षेतून वजा होतात. त्यामुळे किरकोळ गुन्ह्यात सात-आठ महिने आत काढलेला माणूस एका तारखेला उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, गुन्हा कबूल आहे. कोर्ट भोगलेली शिक्षा पुरेशी धरतं, किरकोळ दंड लावतं, संध्याकाळी माणूस घरी. नाकबूल केलं असतं तर? तर पुढची तारीख. कबूल करणारा चोर असतोच असं नाही, त्याला घरी जायचं असतं. पण आता तो कागदोपत्री सजायाफ्ता. पुढच्या वेळी वस्तीत कुठेही काही झालं की पहिला त्यालाच उचलतात.

चाफेकळी

हे वाचून सुन्न. निर्दोष असेल तर आत राहील आणि दोषी ठरला तर घरी जाईल, असा हिशोब झाला की.

काळाकोट

किरकोळ गुन्ह्यात अगदी तसाच.

निमिष

काळाकोट, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे खरं का? सिनेमात नायक चौदा वर्षांनी कानशिलं पांढरी करून हमखास बाहेर येतो.

काळाकोट

नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ गोडसे यांनी माफीचे दिवस धरून शिक्षा पुरी झाली म्हणून सुटका मागितली होती, ती १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाकारली ती याच मुद्द्यावर. चौदाचा आकडा आला १९७८ च्या दुरुस्तीतून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार मुदतीपूर्वी सोडणार असेल तर आधी किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगलेली हवीत. म्हणजे चौदा वर्षांनी सुटायचा हक्क मिळत नाही, सुटकेचा विचार सुरू होऊ शकतो. पटकथाकारांनी खालची मर्यादा वरची करून टाकली.

आटपाडीकर

धागा तुरुंगावर आणि अजून 'दो आँखें बारह हाथ'चं नाव नाही? मग मलाच लिहावं लागणार.

आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे, आटपाडीजवळ, सांगली जिल्हा. औंध संस्थान असताना, १९३९ च्या सुमारास, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. मागे डोकं होतं मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरचं. भिंत नाही, बेड्या नाहीत, शेती करा. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली (माडगुळे आमच्याच तालुक्यात) आणि शांताराम बापूंनी १९५७ मध्ये सिनेमा काढला. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. बैलाच्या झुंजीत बापूंच्या डोळ्याला इजा झाली ती याच शूटिंगमध्ये.

पण सिनेमात सहा खुनी आणि एक जेलर. जेलरच्या डोळ्यांचा धाक एवढा की तो मेल्यावरही ते डोळे आभाळात दिसतात. खऱ्या स्वतंत्रपुराचं वेगळेपण धाकात नाही, तिथे कैदी बायकामुलांसह राहू शकतात यात आहे. सिनेमाला एक महात्मा लागतो, वसाहत चालायला ऊस, विहीर आणि घरची माणसं लागतात. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून अशीच वसाहत आहे, तिथले कैदी बाहेर जाऊन काम करतात आणि आपलं पोट आपण भरतात.

पानगळ

आटपाडीकर, झकास प्रतिसाद. पण बघा, खुल्या कारागृहात जायला कैदी पक्का लागतो. पॅरोल, फर्लो (ठरावीक दिवसांची रजा), माफीचे दिवस, सगळं पक्क्यालाच. कच्च्याला यातलं काही नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष! वर त्याला मतदान करता येत नाही, मात्र २०१३ च्या दुरुस्तीमुळे आतून निवडणूक लढवता येते. हे एखाद्या नाटकात लिहिलं असतं तर अतिरंजित म्हणून हसले असते लोक.

रातराणी

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय.

माझा आत्येभाऊ आत होता. कंपनीतल्या पैशांच्या अफरातफरीत नाव आलं. आत्याला घेऊन मी मुलाकातीला जायचे. सकाळी लवकर नाव नोंदवायचं, आधार कार्ड दाखवायचं, मग बाकावर बसून राहायचं. आमच्या पुढे-मागे बहुतेक बायकाच. एकीचं पोर शेवटी कंटाळून झोपायचं आणि नेमका नंबर लागायचा.

काचेपलीकडे तो, अलीकडे आम्ही, मध्ये फोन. सिनेमात अशा वेळी काचेवर हात टेकवतात. आमच्याकडे आत्या रिसीव्हर उलटा धरायची आणि दोन मिनिटं 'ऐकू येत नाही' यातच जायची. मग तो काय बोलायचा? गाडीचा विमा संपतोय, भर. बँकेचा हप्ता गेला का? कॅन्टीनसाठी मनीऑर्डर पोचली, पण पुढच्या वेळी लवकर कर. केसबद्दल अवाक्षर नाही. रडणं नाही की 'मी निर्दोष आहे आई' नाही. पहिल्या वेळी मला त्याचा रागच आला होता. नंतर लक्षात आलं की बाहेरचं जेवढं त्याच्या हातात उरलं होतं, तेवढंच तो चालवू बघत होता.

निर्दोष सुटला. कंपनीने परत घेतलं नाही. नवीन ठिकाणी मुलाखतीत मधल्या वर्षांचं काय सांगायचं, हा प्रश्न अजून आहे. निकालपत्राची झेरॉक्स दाखवायची का?

चाफेकळी

रातराणी, लिहिलंत हे बरं केलंत. आत्याबाई कशा आहेत आता?

रातराणी

ठीक आहेत. विमा मात्र आता स्वतः भरतात, शिकल्या.

सडेतोड

रातराणी, तुमच्या भावाला काही भरपाई?

काळाकोट

त्यांच्या वतीने मीच सांगतो, अशा भरपाईचा थेट कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईची चौकट सुचवली, पुढे कायदा झालेला नाही. मिळते ती रिट याचिका करून, एखाद्यालाच. बिहारचा रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि तुरुंगाबाहेर आला १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं! सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये तीस हजार रुपये द्यायला लावले, पाच हजार सरकारने आधी दिले होते. मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल पैशात भरपाई देणारा म्हणून तो निवाडा आम्ही आजही दाखवतो.

सडेतोड

चौदा वर्षांचे पस्तीस हजार. माझ्या मामाला एसटीचं तिकीट तरी मिळालं असेल का, बघायला पाहिजे. एन्काउंटरबद्दल माझं मत तेच आहे, पण यावर एखाद्याने सिनेमा काढायला हवा.

निमिष

काढला तर चालणार नाही. चौदा वर्षं काहीच घडत नाही, असा सिनेमा कोण बघेल? पानगळ यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला हेच वाटतं. वाट बघणं पडद्यावर दाखवायचं तर दिग्दर्शकाला प्रेक्षकाचा कंटाळा अंगावर घ्यावा लागतो. 'कोर्ट'ने तो घेतला, म्हणून माझ्या शेजारचे मध्यंतरात उठून गेले.

पानगळ

कादंबरीला काय अडचण आहे मग? तिला तर पानं हवी तेवढी. मला वाटतं कंटाळ्यापेक्षा ओळखीचा प्रश्न आहे. लिहिणाऱ्यांच्या नात्यागोत्यात कच्चा कैदी कमी. टिळक-विनोबा आत गेले तेव्हा लिहिता येणारी माणसं आत होती, म्हणून तो तुरुंग आपल्याला पाठ आहे. आज बराकीत आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातात पेन आहे ते वकीलपत्रावर सही करण्यापुरतं.

नवखा_सदस्य

विषय थोडा सोडून विचारतो, माफ करा. आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला मारामारीच्या गुन्ह्यात धरलंय. जामीन झालाय पण जामीनदार नाही. वकिलाला द्यायला पैसे संपले. दुसऱ्या जिल्ह्यातला काका तयार आहे. चालेल का? काळाकोट यांनी सांगितलं तर उपकार होतील.

काळाकोट

विषय सोडून कुठे, हाच तर विषय आहे.

काका चालायला हवा. २०२३ च्या त्या आदेशाचा उल्लेख अर्जात करा. तुमच्या कोर्टाच्या आवारातच जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असेल, तिथे जा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी रेशनकार्डाचा रंग विचारायचा नाही. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नसेल तर कारागृह अधीक्षकांनी स्वतः प्राधिकरणाला कळवायचं असतं, कळवलंय का तेही विचारा. महिना उलटला तर अट सैल करायचा विचार कोर्ट आपणहून करू शकतं, तुम्हीही अर्ज करा. शिवाय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे: आधी कधीच शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असतं. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसावा आणि दुसरी प्रकरणं चालू नसावीत, एवढं बघा. पण तुमच्या केसमध्ये तिथवर थांबायची वेळ येऊ नये.

काकांना आधार, सातबारा उतारा किंवा पगाराची स्लिप आणि दोन फोटो घेऊन सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधीच बोलवा. दुपारनंतर जामिनाची कामं मागे पडतात, आणि सुटकेचा आदेश संध्याकाळच्या टाळाबंदीआधी कारागृहात पोचला नाही तर पोरगा आणखी एक रात्र आत. शुक्रवार तर टाळाच.

नवखा_सदस्य

काकांना उद्याच्या पहिल्या गाडीने यायला सांगितलंय. प्राधिकरणाच्या कार्यालयात मावशींनी स्वतः जायला हवं की मी गेलो तरी चालेल?

काळाकोट

दोघं जा. अर्जावर मावशींची सही किंवा अंगठा लागेल, आणि रांगेत उभं राहायला कुणीतरी सोबत असलेलं बरं.